बारक्या चौपाटीवर, सहज

माणिकमावशीचा नियम एकच होता. तिकडे गेल्यावर कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. लग्नाचा तर ल सुद्धा काढायचा नाही. दोन कुटुंबं रविवारची सहज समुद्रावर गेली, सहज शेजारी बसली, सहज बोलली. पटलं तर चार दिवसांनी मावशीच्या हातून निरोप येणार. नाही पटलं तर कुणी कुणाला नकार दिलाच नाही. "तुझ्या पोरीला नाही म्हटलं असं सांगायची कुणाची टाप नाही मग," असं मावशी आईला म्हणाली, आणि आईला ते इतकं पटलं की तिनं मावशीला दुसरा चहा टाकला.

आईचं तरी काय चुकलं म्हणा. आमची चाळ घाटकोपरला, डोंगराच्या उतारावर. तिथे एका घरात पोहे फोडणीला पडले की शेवटच्या खोलीला कळतं, आज अनुपमाला बघायला येणार. आधी तिघं येऊन बघून गेले होते. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या जणी तोंड एवढंसं करून विचारायला हजर. "काय गं, काय म्हणाले?" शेवटच्या वेळी मी बादली आपटली आणि म्हटलं, "पोहे खारट झाले म्हणाले, बस?" त्यावर आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. संपाला आता तीन वर्षं होऊन गेली होती. बाबा मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि रोज रात्री जेवताना तेच सांगायचे, "वैशाखापर्यंत पोरीचा जमला तर जमला. नायतर खोली इकूया आणि गावाक जावया." गाव आमचं मालवणच्या पुढे. आणि माझी नोकरी कांजूरमार्गला, रेडिओच्या कारखान्यात, सोल्डरिंगला. गावी जाऊन मी काय कोंबड्यांना सोल्डरिंग करू?

लग्नाची घाई मला नव्हती. मला मुंबई सोडायची नव्हती आणि नोकरी त्याहून सोडायची नव्हती. मावशीनं आणलेल्या मुलाची मुलुंडला स्वतःची खोली होती, म्हणजे दोन्ही वाचणार होतं. म्हणून मी गेले. नाहीतर कुणाला हौस आली आहे वाळूत बसून स्वतःला दाखवायची?

मालाडहून मढची बस पकडली. कंडक्टरला आईनं जागा सांगितली तर तो म्हणाला, "बारक्या चौपाटीवर? तिकडे काय आहे?" आई म्हणाली, "सहज." त्यानं आमच्याकडे बघितलं. माझी अबोली रंगाची साडी, बाबांचा इस्त्रीचा सदरा, आईच्या केसात सुरंगीचा वळेसर. सहज म्हणे!

उतरून ताडांमधून चालत गेलो. वाटेत बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. मग एकदम उतार लागला आणि खाली ती चौपाटी. मला वाटलं होतं जुहूसारखी असेल, भेळवाले, घोडे, गोंगाट. इथे काही म्हणजे काही नव्हतं. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाचे उंच कडे आणि मधे ओंजळभर वाळू. वारा वरच्यावर कड्यांना अडत होता, खाली पदर सुद्धा हलत नव्हता. लाटा अगदी शहाण्यासारख्या येत होत्या. बाबा बघतच राहिले. "मुंबईत असा काय आसा, आणि आमका कोणी सांगूक नाय?" असं ते दोनदा म्हणाले.

पण आईचं लक्ष समुद्राकडे नव्हतंच. "अगो बाय," ती कुजबुजली, "ही तर दोन दोन हत!"

खरंच की. डाव्या कड्याखाली एक कुटुंब बसलं होतं. आई, वडील, उंच मुलगा. उजव्या कड्याच्या पार टोकाला दुसरं, तिथेही आई आणि उंच मुलगा. आता आपलं कुठलं? मावशीनं सांगितलेल्या खुणा आईनं बोटांवर मोजल्या. मुलगा उंच. आई घाटावरची, कराडकडची, तेव्हा बोलीत फरक वाटला तर दचकू नका. मुलुंडची माणसं. आता यातलं काय लांबून दिसणार, कपाळ?

"मावशीला बरोबर का नाही आणलं?" मी म्हटलं.

"गप रव गो! ती इली तर सहज कसा वाटतला?"

तेवढ्यात डावीकडची बाई आम्हाला बघून उभी राहिली. पदर सारखा केला, हसली. आई म्हणाली, "हीच." झालं. ठरलं.

"तुम्ही पण सहज आलात का?" आईनं विचारलं.

"व्हय, सहजच," त्या म्हणाल्या. "बसा की. वाळू काय कुणाच्या बापाची न्हाई."

आईनं मला कोपरानं ढोसलं. घाटावरची बोली! खूण पटली.

त्यानंतर जे काही चाललं ते आठवलं की मला आजही हसावं का रडावं कळत नाही. कुणीच कुणाला काही विचारायचं नाही, आणि सगळ्यांनाच सगळं कळून घ्यायचं. आई समुद्राकडे बघत म्हणाली, "मुलुंडला एवढा वारा नसेल." त्या बाई म्हणाल्या, "मुलुंडचं काय म्हाईत न्हाई बाई, आमच्या कुर्ल्याला तर धूरच." आई गडबडली. मग माझ्या कानात म्हणाली, "मुलाची खोली मुलुंडाक, आईबापाची कुर्ल्याक. असता तसा." मुलाचे वडील म्हणाले की ते कुर्ल्याच्या कारशेडमध्ये आहेत, मागच्या क्वार्टर्समध्ये राहतात. मुलगा टेलिफोन खात्यात. मावशीनं बँक सांगितली होती. आई म्हणाली, "बदलल्यान असतली." बँकेतून टेलिफोनात बदली होते का कधी? पण आईनं एकदा 'हीच' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी ती 'हीच'.

तिकडूनही तसंच काहीतरी चाललं असावं. आई बोलता बोलता म्हणाली, "गणपतीला आम्ही गावी जातोच जातो," तेव्हा त्या नवराबायकोनं एकमेकांकडे पटकन बघितलं. मग बाई स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "कोकणात सुटत न्हाई लवकर." काय सुटत नाही? मी बाबांकडे बघितलं. बाबा कारशेडवाल्यांना संपाच्या गोष्टी सांगण्यात रंगले होते. त्या माणसानंही कुठल्या तरी मोर्चात लाठी खाल्लेली होती. दोघांनी पायजम्याच्या नाड्या एकदम सैल केल्यासारखं पाय पसरले आणि विड्या शिलगावल्या.

"राजू, त्यांना तिकडची कालवं दाखव की," बाई मुलाला म्हणाल्या. म्हणजे जा, बोला.

आम्ही खडकावर गेलो. त्यानं पॅंट दुमडली होती आणि पोटरीला वाळू लागली होती. मी आधीच वैतागलेली. म्हटलं, काय ते एकदाचं होऊन जाऊ दे. "हे बघा, नियम काही असो," मी म्हटलं, "मी सरळ सांगते. मला नोकरी सोडायची नाही."

तो थांबला. "का सोडायची?" म्हणाला.

मी पुढच्या भांडणाची तयारी करून गेले होते. आता बोलायला काही उरलंच नाही. "म्हणजे... कुणी सोडा म्हणालं तर," मी म्हटलं.

"कुणी म्हणालंय का?"

"अजून नाही."

"मग?" तो हसला. मग काम कसलं ते विचारलं, आणि सोल्डरिंगचा धूर डोळ्यांना त्रास देत नाही का तेही. आतापर्यंत मला बघायला आलेल्यांनी माझी उंची विचारली होती, पगार विचारला होता, चष्मा लागलाय का विचारलं होतं. डोळ्यांना त्रास होतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी एक्झॉस्ट पंख्यावरून सुपरवायझरशी कशी भांडले ते सांगितलं. तो इतका हसला की शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि धपकन पाण्यात बसला. मी हात दिला. त्यानं धरला. दोघंही भिजलो.

मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला? परत येताना मी मनातल्या मनात मुलुंड ते कांजूर किती वेळ लागेल याचा हिशोब पण करायला लागले होते.

येऊन बघते तर डबे उघडलेले. आईनं नारळाच्या वड्या केल्या होत्या. त्या बाईंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेले मासे आणले होते. आमची आई, जी परक्याच्या घरी पाणी प्यायला सुद्धा तोंड वाकडं करते, ती मांडी घालून भाकरी खात होती. "चटणीत काय घातलंत हो?" विचारत होती. "आमच्या अनुला शिकवायला हवी." बाई तिच्या हातावर आणखी चटणी वाढत होत्या. आईचा डबा त्यांच्या मांडीवर होता, त्यांचा आईपाशी. त्यांच्या लोट्यातलं पाणी आई पीत होती. इतक्या खुशीत मी तिला संपानंतर पहिल्यांदा बघत होते.

आणि तेव्हाच ती आली.

उजव्या टोकाकडून एक बाई वाळू तुडवत येत होती. निऱ्या हातात, तोंड लाल. मागून तिचा उंच मुलगा, चपलेतली वाळू झटकत. तिकडे उजव्या कड्याखाली आणखी एक कुटुंब, एक सावळी मुलगी आणि तिचे आईवडील, केव्हा येऊन बसलं होतं ते आम्हाला कळलंच नव्हतं. ते तिथेच उभे होते.

"तुम्ही माणिकबाईंकडून ना?" ती आईला म्हणाली. "घाटकोपरची माणसं? अहो, मी द्रौपदी! चंद्रप्रकाशची आई! तासभर मी तिकडे भलत्याच लोकांत बसले आहे! शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला नियम. आडनाव विचारलं. तर ते निघाले जयभीमवाले! आणि त्यांचं भेटायचं ठरलंय ते ह्यांच्याशी!" तिनं राजूच्या आईकडे बोट केलं. अगदी बोट.

आईच्या हातात भाकरीचा तुकडा होता. बाबांची विडी तोंडात तशीच.

द्रौपदीबाईंनी डब्यांकडे बघितलं, मग आईकडे. "ह्यांच्यातलं काही खाल्लं-बिल्लं नाहीत ना तुम्ही?"

आई म्हणाली, "नाही हो. छे! नाही."

भाकरीचा तुकडा तिनं वाळूवर सोडला होता. ओठाला चटणी होती. राजूच्या आईनं सगळं ऐकलं, आईच्या ओठांकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या तिला खोटी पाडू शकत होत्या ना? एका वाक्यात. नाही पाडलं.

राजू म्हणाला, "मावशी, आवाज जरा खाली. माझी आई बसली आहे."

बाबा उठले. त्यांनी राजूच्या वडलांना हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि घाईघाईनं डबा उचलून पिशवीत कोंबला. आई मला दंडाला धरून ओढत उजव्या कड्याकडे निघाली. ती सावळी मुलगी आमच्या समोरून डावीकडे चालली होती. वाटेत आमची नजरानजर झाली. तिला हसू येत होतं की रडू, माझ्याइतकंच तिलाही कळत नसावं.

मग झाला खरा कार्यक्रम. द्रौपदीबाईंनी नियम पुरता गुंडाळून ठेवला. आडनाव, देवक, गाव, मामाचं गाव, सगळं विचारून घेतलं. चंद्रप्रकाश चपला पुसत होता. "नोकरी सोडावी लागेल," त्या म्हणाल्या. "आमच्यात सुना बाहेर जात नाहीत." मी तोंड उघडलं तर आईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "सोडेल की." मी राजूला नवरा समजून सगळं बोलून बसले होते, तो नवरा नव्हता. हा नवरा होता, तर त्याचा आवाज सुद्धा मी ऐकला नाही. मी भिजलेल्या साडीत तशीच बसून राहिले. मला कशाचा राग येतोय तेच ठरवता येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये आईनं पिशवीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. "हो आपलो डबो नाय!"

नव्हताच. आमच्या डब्याच्या झाकणावर 'सौ. रत्नप्रभा' असं कोरलेलं. ह्याच्यावर होतं, 'सौ. सोनूबाई भाऊराव, बुद्ध जयंतीनिमित्त सप्रेम भेट'. बाबांनी घाईत त्या बाईंचा उचलला होता. आत दोन भाकऱ्या अजून होत्या.

"टाका तो खिडकीतसून," आई म्हणाली.

बाबा बाहेर बघत होते. "संपात माका डबो कोण देय, माहीत आसा तुका?" ते म्हणाले. "गाववालो एक नाय. खात्यातलो एक जयभीमवालो. वरीसभर तेच्या बायलेच्या हातची भाकरी खाल्लय मी."

आई त्यांच्याकडे वळली. "आणि माका सांगूक नाय?"

"तू इचारलंस कधी?"

भाकऱ्या बाबांनी बसमध्येच खाल्ल्या.

डबा पहिल्या दिवशी दाराबाहेर चपलांशेजारी राहिला. दुसऱ्या दिवशी बघते तर मोरीत, घासून पालथा घातलेला. कुणी घासला मी विचारलं नाही. त्यानंतर तो फळीवर गेला, आमच्याच डब्यांच्या रांगेत, फक्त नाव भिंतीकडे वळवून.

गुरुवारी माणिकमावशी आली ती दारातूनच ओरडत. "पसंत! पसंत! साखर काढ गो रत्नप्रभे! पोरगी पसंत आहे, हुंडा नको, फक्त नोकरी सोडायची आणि चैत्रात उरकायचं!" शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या पण राहिल्या. ज्या 'पसंत'साठी आई दोन वर्षं उपास करत होती, ते हेच. मी भिंतीला टेकून उभी. मला वाटलं, संपलं. मुंबई राहिली आणि तरी गेली.

आई साखरेच्या डब्याकडे गेली. हात फळीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून भलतंच विचारलं, "त्या राजून तुका खडकार काय इचारल्यान?"

"कधी?"

"पयला. पयला काय इचारल्यान?"

"मी म्हटलं नोकरी सोडायची नाही, तर म्हणाला, का सोडायची."

"इतक्याच?"

"इतकंच."

आई पाटावर बसली. मावशी म्हणाली, "कोण राजू?" आईनं तिच्याकडे बघितलंच नाही. "मी नाय म्हटलंय गो," ती मला म्हणाली. "तेच्या आवशीच्या तोंडार. तिची चटणी माझ्या तोंडात, आणि मी नाय म्हटलंय. आणि ती बाय गप ऱ्हवली. माझी लाज राखल्यान तिना." मग पदरानं नाक पुसलं आणि मावशीला शुद्ध मराठीत म्हणाली, "माणिकताई, द्रौपदीबाईंना कळवा. आमची मुलगी नोकरी सोडणार नाही."

"अगो, वेड लागला काय तुका!" मावशी किंचाळली. शेजारणींचे डोळे बाहेर.

बाबा खाटेवरून म्हणाले, "आणि वैशाखात गावाक?"

"तुमी जावा. घराची कौला परतून येवा," आई म्हणाली. "खोली इकूची नाय. मी आणि पोर हयच ऱ्हवतलव."

बाबांनी एवढंच केलं की विडी विझवली.

मावशी तणतणत गेली. मला उडी मारावीशी वाटत होती. आई काय करत होती? मला वाचवत होती, की राजूच्या आईचं ऋण फेडत होती, की आणखी काही तिच्या डोक्यात होतं? मी विचारलंही असतं. पण ती नारळ फोडायला बसली होती.

रविवारी सकाळी तिनं सोनूबाईंचा डबा काढला. नाव आता पुढच्या बाजूला होतं. त्यात नारळाच्या वड्या ठासून भरल्या, झाकण लावलं, रुमालात बांधला. "कुणाचा डबो रिकामो धाडूचो नसता," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयारच होते.

"कारशेडच्या मागं म्हणाले ना ते?" आईनं मला विचारलं. "चल. तू पण."

"आई, तिथे जाऊन तू त्यांना सांगणार काय?"

तिनं डबा छातीशी धरला. बाहेर नळावरच्या सगळ्या जणी आमच्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलंच, "काय गो रत्नप्रभे, खंय चललंस नटून?"

"कुर्ल्याला," आई म्हणाली. "भाऊरावांकडे. सहज."